फ्लॉपीची ‘खरी नक्कल’ : नकलप्रणालींतील सुधारणा व दुरुस्त्यांचा इतिहास
(गगनबावड्यासारख्या अतिपर्जन्य भागातील दस्तऐवज-जतनाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

महसुली कागदांच्या नकलांवर ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’ असा शेरा मारण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. या शेऱ्यात दोन स्वतंत्र कृती गृहीत आहेत. पहिली, मूळ कागदावरून मजकूर उतरवून घेणे आणि दुसरी, उतरविलेला मजकूर मूळ कागदाशी ताडून पाहणे. दुसरी कृती झाली नसेल तर नकलेस ‘खरी’ म्हणता येत नाही. इतिहास-संशोधनातही अस्सल, नक्कल आणि बनावट असा कागदपत्रांचा भेद याच विचारावर उभा आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा हे पंत अमात्यांच्या बावडा जहागिरीचे ठिकाण होय. अष्टप्रधानांतील अमात्य म्हणजेच मुजुमदार याचे प्रमुख काम राज्याचा जमाखर्च तपासण्याचे होते. लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही व्यवस्था मराठी राज्यकारभाराने पत्करली होती. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाशी निगडित असलेले अठराव्या शतकाच्या आरंभीचे ‘आज्ञापत्र’ मुद्रणकलेचा प्रसार होईपर्यंत हस्तलिखित रूपातच टिकून राहिले. संगणकाच्या युगात माहितीच्या नकला फ्लॉपीवर होऊ लागल्या, तेव्हा नक्कल व तपासणी यांचा हाच जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. फ्लॉपीची नक्कल करणाऱ्या प्रणालींत १९८१ पासून झालेल्या सुधारणा व दुरुस्त्यांचा मागोवा घेणे आणि त्यातून आजच्या ग्रामीण महाविद्यालयांनी काय बोध घ्यावा हे पाहणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

डिस्ककॉपी : आरंभीचा टप्पा :

आयबीएम कंपनीने १९७१ मध्ये ८ इंची फ्लॉपी बाजारात आणली. १९७६ मध्ये शुगार्ट कंपनीची सव्वापाच इंची फ्लॉपी आली आणि १९८० च्या दशकात साडेतीन इंची फ्लॉपी रूढ झाली. १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला, त्याच्या डॉस या कार्यप्रणालीत पहिल्या आवृत्तीपासूनच ‘डिस्ककॉपी’ आणि ‘डिस्ककॉम्प’ अशा दोन आज्ञा होत्या. पहिली नक्कल करी, तर दुसरी मूळ फ्लॉपी व नक्कल ताडून पाही. लेखन आणि तपासणी या दोन कृती येथेही वेगळ्या ठेवलेल्या होत्या, ही बाब लक्षणीय आहे. दुर्दैवाने बहुसंख्य वापरकर्ते पहिली आज्ञा देऊन थांबत.

‘कॉपी’ आणि ‘डिस्ककॉपी’ यांतील फरकही येथे स्पष्ट केला पाहिजे. ‘कॉपी’ ही आज्ञा फाइलींची नक्कल करते. ‘डिस्ककॉपी’ फाइलींचा विचार करीत नाही, ती फ्लॉपीवरील ट्रॅक व सेक्टर क्रमाने वाचून जसेच्या तसे उतरविते. पहिल्या फ्लॉपीवर ४० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर ८ सेक्टर व प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट, म्हणजे १६० किलोबाइट इतकी जागा होती. १९८३ च्या डॉस २.० मध्ये ९ सेक्टर व दोन्ही बाजूंचा वापर होऊन ती ३६० किलोबाइट झाली. १९८७ मध्ये ८० ट्रॅक व १८ सेक्टरांची १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी आली. प्रत्येक नव्या मांडणीबरोबर नकलप्रणालीलाही नवी मांडणी शिकवावी लागली.

क्षमता वाढली तशी एक अडचण निर्माण झाली. डॉसला वापरता येणारी मूळ स्मृती ६४० किलोबाइटपुरती मर्यादित होती. त्यामुळे एकच ड्राइव्ह असलेल्या संगणकावर १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी एका दमात वाचता येत नसे. मूळ फ्लॉपी आणि कोरी फ्लॉपी यांची आलटून पालटून अदलाबदल करावी लागे. या गडबडीत मूळ फ्लॉपीवरच लेखन होण्याचा धोका असे. त्यावर उपाय म्हणून सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकण्याची आणि साडेतीन इंची फ्लॉपीची खिडकी उघडी ठेवण्याची शिस्त प्रयोगशाळांतून शिकविली जाई. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस ६.२ मध्ये या आज्ञेत सुधारणा केली. मूळ फ्लॉपीचा सर्व मजकूर तात्पुरता हार्ड डिस्कवर ठेवून नक्कल एकाच फेरीत पूर्ण होऊ लागली. वरवर ही सोय वेळ वाचविणारी दिसते, पण मूळ फ्लॉपी हाताळण्याचे प्रसंग तिने कमी केले, हे तिचे खरे महत्त्व होय.

पडताळणीतील उणिवा :

फ्लॉपीवरील प्रत्येक सेक्टरसोबत एक तपासणी-अंक लिहिलेला असतो. मजकुरावर ठराविक गणिती प्रक्रिया करून तो काढला जातो. वाचताना तोच अंक पुन्हा काढून लिहिलेल्या अंकाशी जुळवला जातो. डॉसमधील ‘व्हेरिफाय’ ही सोय लिहिलेला सेक्टर पुन्हा वाचून हा अंक जुळतो की नाही एवढेच पाही. मूळ मजकुराशी तुलना ती करीत नसे. म्हणजेच ‘नक्कल वाचता येते’ आणि ‘नक्कल मुळाबरहुकूम आहे’ या दोन भिन्न विधानांपैकी पहिल्याचीच हमी मिळे. दुसऱ्याची हमी हवी असल्यास ‘डिस्ककॉम्प’ वापरणे आवश्यक होते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. फ्लॉपी नियंत्रक चिपच्या काही रचनांमध्ये असा दोष आढळला की, सेक्टरचा शेवटचा बाइट पोहोचण्यास विशिष्ट प्रमाणात उशीर झाल्यास चुकीचा बाइट लिहिला जाई आणि तपासणी-अंक त्या चुकीच्या मजकुरावरूनच काढला जाई. त्यामुळे वाचताना सर्व काही बिनचूक भासे. या दोषावरून अमेरिकेत तोशिबा कंपनीविरुद्ध दावा झाला आणि १९९९ मध्ये कंपनीने सुमारे २१० कोटी डॉलर मूल्याची तडजोड केली. दोष टाळणारी सॉफ्टवेअर-दुरुस्तीही देण्यात आली. हिशेबनीसाने चुकीच्या रकमेची बेरीज बरोबर करावी, तसाच हा प्रकार होता. बेरीज जुळते म्हणून रक्कम खरी ठरत नाही.

दुसरी उणीव यंत्रायंत्रांतील फरकामुळे निर्माण झाली. १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हचे लेखनशीर्ष ३६० किलोबाइटच्या ड्राइव्हपेक्षा अरुंद असते. जुन्या ड्राइव्हवर लिहिलेली फ्लॉपी नव्या ड्राइव्हमध्ये पुन्हा लिहिली, तर जुन्या रुंद ट्रॅकच्या कडांना आधीच्या मजकुराचे अवशेष राहतात. ती नक्कल ज्या संगणकावर केली तेथे व्यवस्थित चाले, पण जुन्या संगणकावर वाचताना त्रुटी येई. यावरून नक्कल दुसऱ्या यंत्रावर तपासावी, हा धडा मिळाला.

१९८८ च्या डॉस ४.० पासून प्रत्येक फ्लॉपीस एक अनुक्रमांक मिळू लागला. डिस्ककॉपी नकलेला मुद्दाम वेगळा अनुक्रमांक देई आणि डिस्ककॉम्प तुलना करताना तेवढा भाग वगळी. मूळ कोणते व नक्कल कोणती हे ओळखता यावे यासाठी केलेला हा बदल अस्सल-नक्कल विवेकाचेच यांत्रिक रूप मानता येईल.

संरक्षित फ्लॉपी आणि कायदा :

नक्कल इतकी सुलभ झाल्यावर सॉफ्टवेअर-निर्मात्यांनी ती रोखण्याचे उपाय योजले. फ्लॉपीवर मुद्दाम सदोष किंवा अनियमित सेक्टर ठेवले जात, त्यांची नक्कल डिस्ककॉपीला करता येत नसे. त्यावर मात करण्यासाठी सेंट्रल पॉइंट कंपनीची ‘कॉपी टू पीसी’, क्वैड कंपनीची ‘कॉपीराइट’ यांसारखी सॉफ्टवेअरे आली. संरक्षणाची प्रत्येक नवी युक्ती निघाली की या सॉफ्टवेअरांची सुधारित आवृत्ती निघे. १९८८ मध्ये व्हॉल्ट विरुद्ध क्वैड या खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने अशा सॉफ्टवेअरचा सुरक्षा-प्रत करण्यासारखा वैध उपयोग असल्याचे मान्य केले.

भारतात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक-प्रणालींचा समावेश कॉपीराइट कायद्यातील साहित्यकृतींमध्ये झाला. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५२ अन्वये, कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास हानी वा नाश यांपासून संरक्षण म्हणून सुरक्षा-प्रत करण्याची मुभा दिली. त्याच दुरुस्तीने कलम ६३ ख अन्वये, अनधिकृत प्रतीचा जाणूनबुजून संगणकावर वापर करणे हा गुन्हा ठरविला. एकच तांत्रिक कृती हेतूनुसार वैध वा अवैध ठरते, हे तत्त्व अशा रीतीने कायद्यात आले.

नकलेबरोबर आलेला व्हायरस :

डिस्ककॉपीचा गुण म्हणजे ती काहीही वगळत नाही. तोच तिचा दोषही ठरला. फ्लॉपीचा पहिला सेक्टर, म्हणजे बूट सेक्टर, फाइलींच्या यादीत दिसत नाही, पण डिस्ककॉपी तोही उतरविते. १९८६ मध्ये लाहोर येथे तयार झालेला ‘ब्रेन’ हा व्हायरस याच सेक्टरमध्ये राहात असे. १९९० मध्ये भारतात ‘जोशी’ नावाचा व्हायरस आढळला. ५ जानेवारी रोजी संगणक थांबवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकित करण्याची मागणी तो करी व तसे केल्यावर संगणक पुढे चाले. या व्हायरसचा विशेष असा की, तो फ्लॉपीच्या नेहमीच्या ट्रॅकांपलीकडे एक जादा ट्रॅक तयार करून स्वतःचा काही भाग तेथे ठेवी. नेहमीच्या ट्रॅकांपुरते पाहणाऱ्या आज्ञेला तो भाग दिसत नसे.

या काळात व्हायरस काढणे हे फ्लॉपी-नकलेचे अविभाज्य अंग बनले. पुण्यात कैलास व संजय काटकर या बंधूंनी संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायातून १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ हे व्हायरसरोधक सॉफ्टवेअर विकसित केले. त्यांच्या कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज असे नामांतर झाले. फ्लॉपीच्या फिरतीतून उद्भवलेल्या गरजेने महाराष्ट्रात एक उद्योग उभा राहिला, असे म्हणता येईल.

प्रतिमा-फाइल ते चुंबकीय नोंद :

पुढील महत्त्वाची सुधारणा म्हणजे प्रतिमा-फाइल. संपूर्ण फ्लॉपीचा मजकूर एका फाइलीत साठवून त्यावरून हव्या तितक्या नकला काढता येऊ लागल्या. टेलिडिस्क, विनइमेज आणि लिनक्समधील ‘डीडी’ ही त्याची परिचित साधने होत. या प्रकारच्या साधनांमुळे मूळ फ्लॉपी एकदाच वाचणे पुरेसे झाले. मायक्रोसॉफ्टने १९९० च्या दशकात स्वतःची सॉफ्टवेअरे २१ सेक्टरांच्या १.६८ मेगाबाइट फ्लॉपींवर दिली. डिस्ककॉपीला त्यांची नक्कल करता येत नसल्याने विशेष साधनांची गरज आणखी वाढली.

क्रायोफ्लक्स, ग्रीझविझल यांसारखी अलीकडील उपकरणे तर सेक्टरही गृहीत धरीत नाहीत. फ्लॉपीच्या पृष्ठभागावरील चुंबकीय बदल ती अनेक फेऱ्यांत नोंदवितात, अर्थ लावण्याचे काम नंतर केले जाते. हस्तलिखिताचे वाचन करण्यापूर्वी त्याचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे, तसा हा प्रकार आहे.

गगनबावडा परिसर आणि मराठी फाइली :

सह्याद्रीच्या माथ्यावर, करूळ व भुईबावडा घाटांच्या तोंडाशी वसलेले गगनबावडा हे महाराष्ट्रातील अतिपर्जन्याच्या ठिकाणांपैकी एक आहे. फ्लॉपी म्हणजे पॉलिएस्टरच्या चकतीवर चिकट द्रव्याने बसविलेला चुंबकीय थर होय. सततच्या दमट हवेत हा थर सैल होतो व त्यावर बुरशी धरते. बुरशी आलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातल्यास ती स्वतः खरवडली जाते. शिवाय शीर्ष मलिन होऊन त्यानंतरची निरोगी फ्लॉपीही बिघडते.

हवामानाइतकीच दुसरी अडचण लिपीची आहे. १९९० च्या दशकातील मराठी मजकूर सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानावर, मॉड्युलर कंपनीच्या ‘श्री-लिपी’वर किंवा अन्य फाँटांवर टंकित झालेला आहे. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक प्रसिद्ध झाले, तरी अनेक फाँटांची अक्षरसंकेतने स्वतंत्रच राहिली. त्यामुळे फ्लॉपीची बिनचूक नक्कल झाली तरी योग्य फाँटाअभावी मजकूर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. लघुप्रबंध, गावांच्या पाहण्या, मौखिक इतिहासाची टिपणे, महाविद्यालयीन नियतकालिके असे स्थानिक इतिहासाचे साहित्य या काळात फ्लॉपीवर साठविले गेले. त्याची छापील प्रत नसल्यास फ्लॉपी हेच एकमेव अस्सल साधन ठरते. सोनी कंपनीने २०११ मध्ये फ्लॉपीचे उत्पादन थांबविले, हे लक्षात घेता ही बाब विलंब सहन करणारी नाही.

निष्कर्ष :

१) फ्लॉपी-नकलप्रणालींचा इतिहास हा मुख्यतः तपासणीच्या सुधारणेचा इतिहास आहे. नक्कल करणे पहिल्या दिवसापासून साध्य होते, ती खरी असल्याची खात्री टप्प्याटप्प्याने आली.

२) जुळणारा तपासणी-अंक हा मुळाबरहुकूम असल्याचा पुरावा नव्हे. तुलना मूळ वस्तूशीच व शक्यतो दुसऱ्या यंत्रावर झाली पाहिजे.

३) दमट भागातील महाविद्यालयांनी फ्लॉपी कोरड्या जागी हलवाव्यात. बुरशी आलेल्या फ्लॉपी वेगळ्या काढून तज्ज्ञांकडे द्याव्यात आणि इतरांवर लेखनबंदी करून त्यांच्या प्रतिमा-फाइली तयार कराव्यात. साधे यूएसबी ड्राइव्ह साडेतीन इंची फ्लॉपीपुरतेच उपयोगी पडते, सव्वापाच इंचीसाठी जुने ड्राइव्ह व विशेष उपकरण लागते.

४) प्रतिमा-फाइलीसोबत फाँटाचे व सॉफ्टवेअरचे नाव, वाचनाची तारीख आणि न वाचता आलेले सेक्टर यांची नोंद ठेवावी. युनिकोड रूपांतर ही सोयीची प्रत समजावी, ते मुळाची जागा घेऊ शकत नाही.

५) नक्कल करणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीने ती तपासून नोंदीखाली सही करावी. अमात्यांच्या दफ्तरातील ही जुनी रीत फ्लॉपीच्या बाबतीतही तितकीच उपयुक्त आहे. तशी सही झाल्यावरच त्या प्रतिमा-फाइलीस ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’ म्हणता येईल.