सुरण

(सं. सूरण, अर्शोघ्न, हिं. जिमीकंद, बं. ओल, मल. चेना). अळूच्या कुलातील (ॲरेसी) बहुवर्षायू वनस्पती. शास्त्रीय नाव ॲमॉर्फोफॅलस पिओनीफोलियस. जुन्या ग्रंथांत ती ॲ. कँपॅन्युलेटस या नावाने आढळते. भारत, श्रीलंका व आग्नेय आशियापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा प्रसार आहे. बाजारात सुरणाची गणना कंदमुळांत होते. मात्र त्याचा खाण्याचा भाग मूळ नसून जमिनीखाली वाढलेले खोड, म्हणजे घनकंद असतो.

वर्णन व लागवड : घनकंद चपटा-गोल, बाहेरून गडद तपकिरी व खडबडीत, आतून पांढरट ते फिकट गुलाबी असतो. त्याला एका वेळी बहुधा एकच पान येते. पानाचा ठिपकेदार, मांसल देठ मीटरभर किंवा त्याहून उंच वाढतो. फुलोरा पान नसताना जमिनीलगत येतो. त्याचा महाछद जांभळट असून कुजक्या मांसासारख्या दर्पाने माश्या व भुंगे त्याकडे ओढले जातात. पावसाळ्याच्या तोंडावर, डोळ्याचा भाग राखून कापलेले कंदाचे तुकडे लावतात. सात ते नऊ महिन्यांनी पान पिवळे पडून आडवे झाले की कंद खणून काढतात. ‘गजेंद्र’ हा कमी खाजरा वाण बराच लावला जातो.

खाज : कच्च्या सुरणाने हात, जीभ व घसा खाजतो. कंदाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटाच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात; ते त्वचेत रुततात. म्हणून सुरण चिरताना हाताला तेल लावतात, फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात ठेवतात आणि चांगल्या शिजवून घेतात. गावठी व रानटी सुरण अधिक खाजरा असतो. याच प्रजातीतील शेवळ्याची भाजी कोकण-ठाणे भागात पावसाच्या आरंभी काकडाची आंबट फळे घालून करतात, त्यामागचे कारणही हेच.

पोषणमूल्य : १०० ग्रॅम कच्च्या कंदात सुमारे ७९ ग्रॅम पाणी, १८ ग्रॅम कर्बोदके, १.२ ग्रॅम प्रथिने व अत्यल्प स्निग्धांश (०.१ ग्रॅम) असतो. कॅल्शियम सुमारे ५० मिग्रॅ. व फॉस्फरस ३४ मिग्रॅ. असून ऊर्जा ७९ किलोकॅलरींच्या आसपास मिळते. कर्बोदकांत स्टार्चचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे सुरण पोटभरीचा असला, तरी प्रथिनांसाठी त्याच्या जोडीला डाळ किंवा कडधान्य लागते.

औषधी उपयोग : ‘अर्शोघ्न’ म्हणजे मूळव्याध नाहीशी करणारा. आयुर्वेदात सुरणाचा मुख्य उपयोग हाच आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात त्याला कंदभाज्यांत श्रेष्ठ म्हटले असून तो दीपन, रुचकर, कफनाशक व अर्शात विशेष पथ्यकर असल्याचे सांगितले आहे. प्लीहा व गुल्म या विकारांतही तो उपयुक्त मानला आहे. त्याच ग्रंथात दाद, कुष्ठ व रक्तपित्त असणाऱ्यांना तो वर्ज्य ठरवला आहे.

चक्रदत्त या आयुर्वेदीय ग्रंथातील कृती पुटपाकाची आहे. कंदाला मातीचा लेप देऊन तो विस्तवात भाजतात आणि आतला गर तेल व मीठ घालून खातात. वाळलेल्या सुरणाचे चूर्ण, चित्रक, सुंठ व मिरी गुळात वळून केलेल्या गोळ्याही अर्शावर देतात. घरगुती उपचारांत शिजवलेला सुरण ताकाबरोबर खाण्याचा प्रघात आहे. कच्चा कंद पोटात देण्याऐवजी तो भाजून, शिजवून किंवा वाळवून वापरण्यावर या कृतींचा भर दिसतो. कंदातील तंतुमय भागामुळे मलप्रवृत्तीस मदत होणे संभवते. परंतु सुरणाने मूळव्याध बरी होते, असे ठामपणे म्हणण्याइतका मानवी चाचण्यांचा आधार नाही.

आहारातील स्थान : कोकणात सुरणाचे काप आमसूल, मीठ व तिखट चोळून, तांदळाच्या पिठीत घोळवून तव्यावर कुरकुरीत करतात. ऋषिपंचमीच्या भाजीत आणि गोव्याच्या खतखत्यात इतर कंदांबरोबर सुरण पडतो. काही घरांत तो उपवासालाही चालतो. बंगालमध्ये ओल मोहरीच्या वाटणात, तर केरळात चेना अवियल व एरिश्शेरीत वापरतात. उत्तर प्रदेश व बिहारमध्ये दिवाळीला जिमीकंदाची भाजी करण्याची रीत आहे.

दक्षता : ऑक्झलेटमुळे मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी सुरण टाळावा किंवा वैद्यकीय सल्ल्यानेच खावा. शौचावाटे रक्त जात असल्यास ती मूळव्याधच आहे असे गृहीत धरून केवळ सुरणावर विसंबू नये; मोठ्या आतड्याच्या इतर गंभीर विकारांतही हेच लक्षण दिसते, म्हणून आधी तपासणी करून घ्यावी.