दोन मस्टरं

खूप वर्षं झाली या गोष्टीला. शिक्षण संपवून नोकरी शोधत होतो, तेव्हा मुंबईबाहेरच्या एका औद्योगिक वसाहतीत, निर्यातीचे शर्ट शिवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात चिकटलो. जेमतेम वर्षभर होतो. काम साधं, हजेरी आणि पगार. फक्त मस्टरं दोन होती. एकात मशिनवर बसणाऱ्या बायका खरोखर किती वाजता आल्या-गेल्या ते. दुसऱ्यात रोज सहाला सुटी आणि रविवार बंद. हे दुसरं ऑडिटरसाठी, आणि ते मी लिहायचो. एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसू नये म्हणून दोन-तीन पेनं आलटून पालटून वापरायची, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं.

ऑडिटच्या दिवशी जिन्यातले कापडाचे गठ्ठे हलायचे, मागच्या दाराचं कुलूप निघायचं, संडासात साबणाची वडी यायची. दुसऱ्या दिवशी गठ्ठे परत जिन्यात, कुलूप परत दाराला. साबण कुठे जायचा देव जाणे.

हे सगळं मी विसरलो होतो, असं नाही; पण आठवतही नव्हतो. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीची बातमी वाचली आणि ते कुलूप डोळ्यांसमोर आलं.

कराचीच्या बलदिया टाउनमध्ये अली एंटरप्रायझेस नावाचा कपड्यांचा कारखाना होता. ११ सप्टेंबर २०१२ ला तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक माणसं मेली. खिडक्यांना गज, बाहेर पडायचे दरवाजे बंद. आणि या कारखान्याला आगीच्या काही आठवडे आधीच 'एसए ८०००' हे प्रमाणपत्र मिळालं होतं! म्हणजे इथे कामगारांची सुरक्षितता, कामाचे तास, पगार सगळं ठीक आहे, असा दाखला. तो देणारी कंपनी इटलीची, प्रत्यक्ष तपासणी तिने नेमलेल्या स्थानिक संस्थेची. ही आग खंडणीसाठी लावली गेली, असं ठरवून २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने दोघांना फाशीची शिक्षा सुनावली. पण आग कुणी लावली हा एक प्रश्न झाला. माणसं बाहेर का पडू शकली नाहीत, हा दुसरा. दाखल्याचा संबंध या दुसऱ्याशी आहे.

हा दाखल्याचा प्रकार आला कुठून, म्हणून वाचत गेलो. मला वाटत होतं, ही जागतिकीकरणानंतरची गोष्ट असेल. तर नाही. अमेरिकेत १८९९ मध्ये नॅशनल कन्झ्युमर्स लीग ही संस्था उभी राहिली. तिच्या प्रमुख होत्या फ्लॉरेन्स केली, त्याआधी इलिनॉय राज्याच्या मुख्य कारखाना निरीक्षक. लीगने बायकामुलांच्या सुती अंतर्वस्त्रांसाठी 'पांढरं लेबल' काढलं. अटी चारच : कारखान्याचे कायदे पाळायचे, माल कारखान्यातच शिवायचा (घरोघरी वाटायचा नाही), ओव्हरटाइम नाही, सोळा वर्षांखालची मुलं नाहीत. तपासणी लीगच करायची. मग सभासद बायका दुकानात जाऊन विचारायच्या, "पांढऱ्या लेबलाचा माल आहे का?"

कल्पना मला फार आवडली. पण तेव्हाच्या कामगार संघटनांचा तिच्यावर आक्षेप होता. जिथे संघटनाच नाही अशा कारखान्यालाही हे लेबल मिळू शकत होतं. शेवटी १९१८ मध्ये लीगने ते बंद केलं. हा आक्षेप मला आधी नुसता हट्ट वाटला होता. आता वाटत नाही.

मधल्या काळात, २५ मार्च १९११ ला, न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली. १४६ जण गेले, बहुतेक तरुण मुली. नवव्या मजल्यावरचं एक दार बंद होतं. कारण सुटताना दुसऱ्या दाराशी पिशव्या तपासायच्या असत, कुणी कापड चोरू नये म्हणून. (आमच्याकडेही कुलपाचं कारण हेच सांगत.) मालकांवर खटला झाला, ते निर्दोष सुटले. पण खिडक्यांमधून उड्या टाकणाऱ्या मुली रस्त्यावरून पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होत्या, याच लीगच्या न्यूयॉर्क शाखेच्या सचिव. त्यांनी नवं लेबल काढलं नाही. राज्याच्या चौकशी आयोगाबरोबर त्या कारखाने पालथे घालत फिरल्या आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तीसहून अधिक कायदे झाले. कामाच्या वेळात दाराला कुलूप लावायचं नाही, हा त्यातलाच एक. त्याच बाई १९३३ मध्ये अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या.

मग कारखाने हळूहळू देश सोडून गेले. कायदा मागे राहिला, शिलाई पुढे गेली. आणि लेबलाची कल्पना नव्या रूपात परतली. लिव्हाय स्ट्रॉसने १९९१ मध्ये पुरवठादारांसाठी आचारसंहिता काढली, 'एसए ८०००' १९९७ मध्ये आलं. त्याच वर्षी बुटांच्या धंद्यात एक गंमत झाली. गंमत म्हणवत नाही खरं तर. आशियातल्या कारखान्यांवरून टीका होत होती, म्हणून नायकेने अँड्र्यू यंग या मोठ्या नावाच्या माणसाला पाहणीसाठी पाठवलं. त्यांनी बारा कारखाने पाहिले, दुभाषे नायकेचेच, आणि एकंदरीत बरं चाललंय असा अहवाल जूनमध्ये जाहीर झाला. नोव्हेंबरमध्ये दुसराच एक अहवाल फुटला. नायकेनेच अर्न्स्ट अँड यंगकडून व्हिएतनाममधल्या एका कारखान्याचा करून घेतलेला, स्वतःपुरता. त्यात होतं की बूट चिकटवायच्या रसायनांची वाफ काही ठिकाणी व्हिएतनामच्या मर्यादेच्या १७७ पटींपर्यंत आहे आणि ७७ टक्के कामगारांना श्वसनाचा त्रास आहे. एक अहवाल लोकांसाठी, एक स्वतःसाठी. हे वाचताना मला माझी मस्टरं आठवली नसती तरच नवल. मे १९९८ मध्ये फिल नाइट यांनी वय आणि हवेबद्दल जाहीर आश्वासनं दिली, ती हा कागद फुटल्यानंतर.

आणि मग राणा प्लाझा. ढाक्याजवळ सावर इथली आठ मजली इमारत. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना तडे दिसले. इमारतीतल्या बँकेने माणसं घरी पाठवली. शिलाईवाल्यांना दुसऱ्या दिवशी कामावर यायला लावलं. २४ एप्रिलला इमारत कोसळली, १,१३४ मृत्यू. त्यातल्या दोन कारखान्यांचं सामाजिक ऑडिट आधी झालेलं होतं. इमारतीची मजबुती त्या तपासणीत येत नव्हती, असं नंतर सांगण्यात आलं. मला मात्र वेगळीच गोष्ट बोचते. तडे दिसायला ऑडिटर लागलाच नव्हता. ते कामगारांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. त्यांच्याकडे 'आज आत जात नाही' म्हणायची ताकद नव्हती.

म्हणून त्यानंतर झालेला करार, ज्याला 'अ‍ॅकॉर्ड' म्हणतात, मला महत्त्वाचा वाटतो. मे २०१३ मध्ये युरोप-अमेरिकेतले ब्रँड आणि कामगार संघटना यांनी तो केला आणि तो कायद्याने बंधनकारक होता. सोळाशेच्या वर कारखाने तपासले गेले, अहवाल सगळ्यांना वाचायला खुले ठेवले, आणि जीवाला धोका वाटला तर काम नाकारायचा हक्क कामगाराला दिला. संघटनांनी दोन ब्रँडना हेगच्या लवादापुढे खेचलं. त्यातल्या एकाने २०१८ च्या सुरुवातीला २३ लाख डॉलर द्यायचं मान्य करून तडजोड केली. पगाराला या कराराने हात लावला नाही, हेही खरं. पण दाखला मालकाने विकत घ्यायचा आणि फायलीत ठेवायचा, ही जुनी रीत निदान आग आणि इमारत यांच्यापुरती मोडली. २०२३ मध्ये तो पाकिस्तानातही सुरू झाला, कराचीच्या आगीनंतर अकरा वर्षांनी.

असो. शेवटी माझं सांगतो. एकदा ऑडिटरने एका मशिनवालीला विचारलं, "किती वाजता सुटता?" मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सहाला." मीच आदल्या दिवशी तसं सांगून ठेवलं होतं. त्याने लिहून घेतलं. त्या रात्री नऊला निघताना त्या मला म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"ऑर्डर गेली असती," मी म्हटलं.

"आणि मी?"

मी मस्टर बंद केलं. एवढंच उत्तर दिलं मी त्यांना. माझ्या अक्षरातलं ते दुसरं मस्टर पाहूनच त्या वर्षी आमच्या कारखान्याला दाखला मिळाला. मालकांनी तो फ्रेम करून ऑफिसात लावला होता, अगदी माझ्या टेबलाच्या वर.