दुसरे औषध : आधार की भार?



आपल्या भागातील जुन्या घरांत ‘उंदीर पडला’ हे दोन शब्द ऐकताच एके काळी घरोघर चूल विझत असे. प्लेगाची ती खूण. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला आणि पुढे थोड्याच काळात तो दक्षिण महाराष्ट्रात उतरला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी गावेच्या गावे बाहेर झोपड्यांत हलविली. या संगमाकाठीही ‘पिलेगाच्या’ गोष्टी सांगणारी एक पिढी होऊन गेली.

प्लेगाची आठवण आज एका वेगळ्या कारणासाठी काढतो आहे. हा रोग नुसत्या गाठीचा नव्हे. गाठीतील जंतू रक्तात शिरले की रोगी हाताबाहेर जातो. रक्तात जंतू भिनलेल्या माणसाला नेहमीच्या उपचाराबरोबर आणखी एक औषध दिले तर तो वाचेल काय? या प्रश्नाचा इतिहास पाहू गेल्यास त्याचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या मुंबईतच लिहिला गेला आहे.

प्लेगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधणाऱ्यांपैकी येर्सिन यांनी घोड्याच्या रक्तापासून प्रतिविषाची लस, म्हणजे सीरम, तयार केली. १८९६ साली चीनमध्ये त्यांनी ती २६ रोग्यांना टोचली. त्यांपैकी फक्त २ दगावले. जगाला वाटले, रामबाण सापडला! १८९७ च्या मार्चमध्ये येर्सिन मुंबईस आले. त्याच सीरमने येथे मात्र पुरती निराशा केली. मग २६ पैकी २ हा आकडा खोटा होता काय? खोटा नव्हता, एकाकी होता. सीरम न देता त्या २६ पैकी किती जगले असते, हे सांगणारे शेजारी कोणीच नव्हते.

हा शेजार निर्माण केला तो मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळात, डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी. त्यांनी नियम केला, की एका रोग्याला नेहमीच्या शुश्रूषेबरोबर सीरम द्यावयाचे, त्यापुढच्या रोग्याला शुश्रूषा तीच, पण सीरम नाही, असे आळीपाळीने. मग दोन्ही बाजूंचे मृत्यू मोजावयाचे. निष्कर्ष निघाला तो संयमाचा. लाभ दिसला, पण चीनमधील आकड्याने दाखविलेला चमत्कार दिसला नाही. ज्यांच्या वाट्यास सीरम आले नाही, त्यांच्याकडे पाहून चोक्सींच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. रोग्याची संमती घेण्याची रीत त्या काळी रुजलेली नव्हती, हेही विसरता कामा नये.

या पद्धतीत एक फट होती. पुढची पाळी कोणाची हे डॉक्टरला ठाऊक असे आणि दयाळू मन नकळत हिशेब बिघडवू शकते. ती फट १९४८ साली ब्रिटनमध्ये बुजली. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या परीक्षणात १०७ रोग्यांची वाटणी बंद लिफाफ्यांतून, दैवाच्या हवाली करून, झाली. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले, न मिळालेल्या ५२ पैकी १४. पण अनेक रोग्यांत जंतू औषधाला निर्ढावले. तेव्हा ‘पास’ नावाचे दुसरे औषध जोडून पाहिले आणि निर्ढावणे कमी झाले. जोडऔषधावरील विश्वास येथून दृढ झाला. आपल्याकडेही पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलीन सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागले.

आता आजच्या काळात येऊ. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आपल्या नाकात, कातडीवर सुखाने राहतो. पण गळू, जखम किंवा शिरेतील नळी यांवाटे रक्तात शिरला की पाचांतील सुमारे एक रोगी दगावतो. क्षयावरचे रिफाम्पिसिन पेशींच्या आतही पोचते. मग ते नेहमीच्या प्रतिजैविकाला का जोडू नये? लहान अभ्यास आशा दाखवीत होते आणि अनेक डॉक्टर ते देतही होते.

ब्रिटनमधील २९ रुग्णालयांत २०१२ ते २०१६ या काळात ७५८ प्रौढांवर ही कसोटी झाली. ३७० जणांना दोन आठवडे रिफाम्पिसिन, ३८८ जणांना तशीच दिसणारी निर्गुण गोळी. कोणाला काय मिळाले हे ना रोग्यास ठाऊक, ना डॉक्टरास. बारा आठवड्यांनी हिशेब झाला. उपचार फसणे, रोग उलटणे किंवा मृत्यू यांपैकी काही घडले ते पहिल्या गटात ६२ जणांच्या बाबतीत, दुसऱ्यात ७१. शेकडा १७ आणि १८! रोग उलटण्याचे प्रमाण तेवढे घटले. उलट, त्रासामुळे औषधे बदलावी लागली ती ६३ विरुद्ध ३९ जणांची. इतर औषधांशी भांडण जडले ते २४ विरुद्ध ६ जणांचे. मृत्यू टळत नाहीत आणि त्रास वाढतो, असा हा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला.

यावरून जोडऔषध सदा व्यर्थ असे कोणी समजू नये. क्षयात एकट्या औषधावर विसंबणे घातक आहे. परंतु एका रोगातील शहाणपण दुसऱ्या रोगात जसेच्या तसे चालत नाही. ते पुन्हा तपासावे लागते. रिफाम्पिसिन हा आपल्या देशातील क्षयरोग्यांचा मोठा आधार. त्याला जंतू निर्ढावले तर किंमत याच रोग्यांना मोजावी लागेल.

घरचे माणूस तापाने फणफणले की आपणच म्हणतो, ‘डॉक्टर, आणखी काही द्या ना!’ त्या आर्जवात माया असते. पण ‘आणखी’ म्हणजे ‘अधिक चांगले’ असे नव्हे, हे कळण्यासाठी आर्थर रोडच्या खाटांवर आणि ब्रिटनच्या रुग्णालयांत शेकडो अनोळखी माणसांनी आपला आजार पणाला लावला. पुढच्या वेळी डॉक्टर म्हणाले, ‘एवढे औषध पुरे आहे’, तर त्यांना कंजूष समजण्यापूर्वी त्या माणसांची आठवण ठेवावी, एवढीच विनंती.