अनवाणी मेंढपाळ : संत जोसेफ वाझ यांचे नेतृत्व

१६५८ साली डचांनी जाफन्याचा किल्ला जिंकला आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीज सत्तेचा शेवट झाला. या सत्तापालटाची झळ सर्वाधिक लागली ती तेथील कॅथलिक प्रजेला. धर्मगुरूंना बेटाबाहेर घालविण्यात आले, चर्चमंदिरे डच प्रोटेस्टंट पंथाच्या स्वाधीन झाली आणि कॅथलिक धर्मगुरूला घरात आसरा देणे हा गुन्हा ठरला. कोळीवाड्यांतून आणि भातशेतीच्या गावांतून राहणारे हजारो श्रद्धावंत मिस्साबलीवाचून, पापनिवेदनावाचून दिवस कंठू लागले. मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, वडीलधारी माणसे अखेरच्या अभ्यंगावाचून मरण पावली. जवळजवळ तीस वर्षे हे असेच चालले होते.

या कळपाची वार्ता गोव्यात एका धर्मगुरूच्या कानी गेली आणि त्याची झोप उडाली. त्यांचे नाव फादर जोसेफ वाझ.

फादर वाझ यांच्याविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा त्यांच्या अनवाणी पावलांविषयी, उपवासांविषयी आणि चमत्कारांविषयी. ते सारे आदरणीयच आहे. परंतु त्यांच्या चरित्रातील एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ती म्हणजे त्यांचे संघटनकौशल्य. पुष्कळ दयाळू माणसे आपल्या मागे केवळ आठवणी ठेवून जातात. फादर वाझ यांनी मागे एक जिवंत ख्रिस्तसभा ठेवली.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी साष्टीतील बाणावली गावी, आजोळी झाला. वडिलांचे घर सांकवाळचे. ज्या साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी काही दशकांपूर्वी 'ख्रिस्तपुराण' रचले, तीच ही भूमी. १६७६ मध्ये वाझ यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या काळी गोव्यात एतद्देशीय धर्मगुरू पुष्कळ होते. परंतु युरोपीय व्रतस्थ संघांची दारे त्यांना बहुतांशी बंद होती, आणि नेतृत्वाची जागा त्यांच्या वाट्याला क्वचितच येई. त्यांनी दुय्यम राहावे, आज्ञा पाळावी, एवढीच अपेक्षा. हा अपमान गिळून कुढत बसणारे कमी नव्हते. वाझ यांनी निराळा मार्ग धरला.

१६८१ साली त्यांना कानडा प्रांतात पाठविण्यात आले. तेथे धर्मगुरूंचा तुटवडा होता आणि त्यातच पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदो अधिकार आणि रोमच्या प्रोपागांडाचा अधिकार यांच्यात तंटा पेटलेला. श्रद्धावंतांनी कोणाचे ऐकावे हेच त्यांना कळेना. वाझ हे पाद्रोआदोच्या बाजूने पाठविलेले होते. तरी प्रतिपक्षावर तुटून पडण्यापेक्षा समेटाची वाट शोधणे त्यांनी पसंत केले. वरिष्ठांच्या भांडणात भाविकांचे संस्कार अडू नयेत, ही त्यांची तळमळ होती. भांडण त्यांच्याने मिटले नाही. मात्र त्या तीन वर्षांत त्यांनी शाळा सुरू केल्या, भाविकांची बंधुमंडळे बांधली आणि विस्कटलेली गावे पुन्हा प्रार्थनेला एकत्र आणली.

गोव्यात परतल्यावर १६८५ साली ते एतद्देशीय धर्मगुरूंच्या एका लहानशा समूहात सामील झाले. संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या धर्तीवर त्यांनी त्या समूहाला शिस्त लावली, नियम दिले. सहकाऱ्यांनी त्यांनाच प्रमुख निवडले. श्रीलंकेचे पुढील सारे काम या घरातून आलेल्या माणसांनी केले. ते घर आधी उभे राहिले नसते, तर वाझ यांचे धाडस त्यांच्याबरोबरच संपले असते.

१६८७ मध्ये ते जोआंव नावाच्या आपल्या सेवकासह मजुराच्या वेषात तुतिकोरिनहून समुद्र ओलांडून जाफन्याला पोहोचले. वाटेत हगवणीने ते मरणाच्या दारी जाऊन आले होते. जाफन्यात त्यांनी भीक मागितली. पण गळ्यात रोझरी उघड ठेवली. ती पाहून कोणाचे डोळे चमकतात, हे ते न्याहाळीत. अशा रीतीने एकेक कुटुंब सापडले. सिल्लालाई गावात ते लपून राहिले, तमिळ शिकले, रात्री मिस्साबली अर्पण करू लागले. १६८९ च्या नाताळात डचांनी छापा घालून अनेक श्रद्धावंतांना पकडले. वाझ निसटले. आपल्यापायी लोक भरडले जातात हे शल्य उराशी घेऊन ते डचांच्या हद्दीबाहेर, कँडीच्या राज्यातील पुत्तलमकडे वळले.

१६९२ साली कँडी नगरीत पाऊल ठेवताच पोर्तुगीज हेर म्हणून त्यांना अटक झाली. त्या कैदेत ते सिंहली शिकले, आणि पुढे पहारा सैल झाल्यावर आवारातच झोपडी बांधून त्यांनी वेदी मांडली. अवर्षणात त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला व राजा विमलधर्मसूर्य प्रसन्न झाला, अशी परंपरा आहे. कृपाप्रसाद मिळाल्यावर त्यांनी स्वतःसाठी काहीही न मागता सेवेची मोकळीक तेवढी घेतली.

नऊ वर्षे एकट्याने राबल्यानंतर गोव्याहून सहकारी येऊ लागले. १६९७ च्या सुमारास कँडीत देवीची भयंकर साथ आली. राजा नगर सोडून गेला, नातलग आजाऱ्यांना रानात टाकून पळाले. वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो मागे राहिले. त्यांनी रुग्णांसाठी झोपड्या उभारल्या, जखमा धुतल्या, पेज भरवली, मृतांना मूठमाती दिली. कोण बौद्ध, कोण ख्रिस्ती, हे त्यांनी पाहिले नाही. साथ ओसरल्यावर राजदरबाराचा विश्वास या परक्या धर्मगुरूंवर बसला, यात नवल नाही.

परंतु त्यांच्या कारभाराचे मर्म मला दुसरीकडे दिसते. धर्मगुरू एका गावी वर्षातून एखाददुसऱ्या वेळी पोहोचणार, हे वाझ यांनी ओळखले होते. मग उरलेले महिने काय? गावचा प्रमुख 'मूप्पू' आणि प्रार्थना सांगणारा 'अण्णावी' यांच्यावर त्यांनी तो भार सोपविला. रविवारी लोकांना जमविणे, मुलांना धर्मशिक्षण देणे, मरणोन्मुखाजवळ बसणे, तान्ह्या बाळाला प्रसंगी स्नानसंस्कार देणे, ही सारी कामे प्रापंचिकांची झाली. त्यांच्यासाठी प्रार्थना त्यांच्याच भाषेत तयार करण्यात आल्या. कोचीनच्या बिशपांनी वाझ यांना विकर जनरल नेमल्यावरही ते स्वतः पायीच हिंडत राहिले. सहकाऱ्यांना मात्र विभाग वाटून देऊन त्यांनी मोकळेपणाने काम करू दिले. बिशपपदाची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी ती टाळली.

१७०५ मध्ये दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्व्हिस आले. त्यांची बुद्धी वाझ यांनी तत्काळ हेरली आणि त्यांना सिंहली व तमिळ ग्रंथरचनेस लावले. स्टीफन्स यांनी मराठीसाठी जे केले, त्याच जातीचे काम गोन्साल्व्हिस यांनी १७४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या दोन भाषांसाठी केले. आपल्याहून अधिक प्रतिभावान तरुण हाताशी आला असता त्याला वाव देणे किती कठीण असते, हे धर्मग्रामांच्या कामकाजात वावरलेल्यांना ठाऊक आहे.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडीत फादर वाझ यांचे निधन झाले. डचांचे राज्य पुढे आणखी पंच्याऐंशी वर्षे टिकले. १७९६ मध्ये इंग्रज आले आणि १८०६ मध्ये कॅथलिकांवरील निर्बंध उठले, तेव्हा दीड शतकाच्या छळानंतरही गावोगावची श्रद्धा शाबूत होती. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत वाझ यांना धन्य घोषित केले. १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच नगरीत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. कँडीत त्यांना जेथे पुरले, ती जागा आज कोणालाही दाखविता येत नाही.