संततिनियमन आणि लोकमत : १९३८ च्या एका ठरावाच्या निमित्तानें साधनविचार

वसई म्हटली कीं संशोधकाच्या डोळ्यांपुढें १७३९ ची मोहीम, चिमाजी अप्पांचा पत्रव्यवहार आणि किल्ल्यांतील पोर्तुगीज शिलालेख उभे राहतात. या साधनांचा संग्रह करण्यांत आमच्या पूर्वसूरींनीं कसूर केली नाहीं. परंतु ज्या प्रश्नानें गेल्या शंभर वर्षांत घरोघरचा उंबरठा ओलांडला, त्या संततिनियमनाच्या प्रश्नावर लोकांचें मत काय होतें हें सांगणारे कागद अद्याप कोणी रुमालांत बांधून ठेवण्याच्या योग्यतेचे मानीत नाहीं. प्रस्तुत टिपणांत अशा साधनांपैकीं तिहींची छाननी करून, त्यांवरून लोकमत कितपत सिद्ध होतें हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(१) पहिलें साधन म्हणजे प्रो. रघुनाथ धोंडो कर्वे यांचें ‘समाजस्वास्थ्य’ मासिक. रघुनाथराव हे महर्षि कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव. त्यांच्या मातोश्री राधाबाई १८९१ सालीं प्रसूतींत वारल्या, तेव्हां मुलाचें वय नऊ वर्षांचें होतें. गणिताच्या या अध्यापकानें १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें. त्याच वर्षीं लंडनमध्यें मेरी स्टोप्स यांचें केंद्र निघालें. म्हणजे या बाबतींत मुंबई लंडनच्या मागें नव्हती. मतांपायीं कर्व्यांना १९२५ सालीं विल्सन कॉलेजांतील जागा सोडावी लागली. जुलै १९२७ मध्यें त्यांनीं मासिक काढलें व १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत चालविलें.

संशोधकास या मासिकांतील संपादकीय लेखांपेक्षां वाचकांचे प्रश्न व त्यांस दिलेलीं उत्तरें अधिक मोलाचीं आहेत. लेखांत एका व्यक्तीचें मत सांपडतें. प्रश्नांत, ज्यास कोणाजवळ तोंड उघडतां येत नाहीं अशा माणसाची अडचण सांपडते. १९३४ सालचा अश्लीलतेचा खटला अशाच उत्तरांवरून झाला. डॉ. आंबेडकरांनीं कर्व्यांचें वकीलपत्र घेतलें. तथापि निकाल विरुद्ध जाऊन दोनशें रुपये दंड झाला. यावरून ‘समाजास हें मान्य नव्हतें’ असा सिद्धांत काढणें सदोष होय. निकाल हा कलमाचा अर्थ सांगतो, समाजाचें मत सांगत नाहीं. आणि प्रश्न लिहून धाडणारे वाचकही समाजांतलेच होते. मात्र उलट बाजूनेंही मर्यादा आहे. पत्र लिहिणारा साक्षर असे, आणि छापावयाचें काय हें संपादक ठरवी.

(२) दुसरें साधन मुंबई कायदेमंडळाचें कामकाज. १० नोव्हेंबर १९३८ रोजीं स्वतंत्र मजूर पक्षाचे श्री. पी. जे. रोहम यांनीं असा ठराव मांडला कीं, सरकारनें संततिनियमनाचा प्रसार सामान्य जनतेंत नेटानें करावा व त्यासाठीं पुरेशा सोयी उपलब्ध कराव्या. भाषण डॉ. आंबेडकरांनीं तयार केलें होतें. ते स्वतः गैरहजर असल्यानें रोहम यांनीं तें केलें. प्रसूतीच्या वेदना पुरुषांच्या वांट्यास आल्या असत्या तर एकाहून अधिक अपत्यास कोणी कबूल झाला नसता, असा त्यांतील एक मुद्दा होता. ठरावाच्या बाजूनें ११ व विरुद्ध ५२ मतें पडलीं. तेव्हां वसई तालुका ठाणें जिल्ह्यांत व ठाणें मुंबई इलाख्यांत असल्यामुळें हा निकाल आमच्या प्रांतासही लागू होता.

आतां या आंकड्यांचें वजन पाहूं. सभागृहाची संख्या १७५. मतें पडलीं ६३. शंभरांहून अधिक सभासद मोजणींत दिसतच नाहींत. स्त्रियांसाठीं राखीव जागा अवघ्या सहा होत्या. १९३५ च्या कायद्यानें मताधिकार जमीन, कर, शिक्षण इत्यादि अटींनीं बांधलेला होता. तेव्हां ५२ हा आंकडा त्या दिवशीं हात वर करणाऱ्यांच्या मताचा निर्विवाद पुरावा आहे. रयतेच्या मताचा नाहीं.

स्त्रियांनीं मागणी केल्याचे कागद मिळत नाहींत, म्हणून त्यांना गरज नव्हती, असेंही कोणी म्हणतात. भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानिलें खरें. परंतु वस्तु असती तर ती खात्रीनें दिसली असती, एवढी योग्यता असेल तरच अभाव सिद्ध होतो. जिला लिहितां येत नव्हतें व जिला कोणीं विचारलें नाहीं, तिचा कागद नसणें हें कशाचेंच प्रमाण नव्हे.

(३) तिसरें साधन खास वसईचें आहे. येथील ख्रिस्ती गांवांवर चर्चच्या आज्ञेचा प्रभाव मोठा. ३१ डिसेंबर १९३० च्या परिपत्रकानें पोप पायस अकरावे यांनीं कृत्रिम संततिनियमन निषिद्ध ठरविलें. त्याच वर्षीं अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेनें मर्यादित मोकळीक दिली होती. १९६८ सालीं पोप पॉल सहावे यांनीं तोच निषेध कायम केला. परंतु आज्ञा हें एक आणि आचार हें दुसरें. १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून मुंबईस आगगाडी जात असल्यानें मुंबईंतील छापील विचार येथें पोंचण्यास अडचण नव्हती. लोक प्रत्यक्ष कसे वागले याचा मागोवा चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांतून लागूं शकेल. फ्रान्समध्यें लुई आंरी यांनीं अशाच वह्यांवरून भावंडांतील अंतरें मोजून जुन्या कुटुंबांचा इतिहास उभा केला. अर्थात् अंतर वाढलें एवढ्यावरून नियमन सिद्ध होत नाहीं. अंगावरचें दूध, नवऱ्याचा परगांवचा मुक्काम, वा नोंद न होतां गेलेलें मूल, हींही कारणें संभवतात.

यापुढील इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १९४९ सालीं मुंबईंत फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. १९५२ सालीं केंद्र सरकारनें कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम स्वीकारला. शांतिलाल शहा समितीच्या अहवालानंतर १९७१ सालीं गर्भपाताचा कायदा झाला व २०२१ सालीं त्याची मुदत कांहीं बाबतींत २४ आठवड्यांपर्यंत वाढली. मध्यंतरीं १९७६ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचें विधेयक मंजूर केलें. त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली नाहीं. १९३८ सालीं जें मागितलें तें देण्यास नकार, आणि १९७६ सालीं जें मागितलें नाहीं तें लादण्याची तयारी! दोन्ही वेळां मतें मोजलीं गेलीं. जिच्या देहाचा प्रश्न तिची साक्ष मात्र दोन्ही वेळां दप्तरांत चढली नाहीं.

२००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका व २०१४ सालीं पालघर जिल्हा अस्तित्वांत आला. जुनीं घरें पडून इमारती उठत आहेत, आणि माळ्यावरील गठ्ठे रद्दींत निघत आहेत. ‘समाजस्वास्थ्या’चे सुटे अंक, सुइणींच्या व दवाखान्यांच्या वह्या, माहेरीं धाडलेलीं पत्रें हातीं आल्यास संग्राहकांनीं तीं टाकूं नयेत. नांवें झांकून, स्थळ व तिथि यांची नोंद करून तीं जपावीं. मोडी फर्मानाइतकाच या कागदांचा अधिकार आहे. कारण त्यांवांचून या प्रश्नावरील लोकमताचा इतिहास ५२ आणि ११ या दोन आंकड्यांवरच संपेल.