अन्ननलिकेचा कर्करोग : शस्त्रक्रियेआधी प्रतिमा-तपासणीचा कौल

लखनौ : घास अडकू लागला म्हणून रुग्ण डॉक्टरांकडे येतो, तोवर अन्ननलिकेचा कर्करोग बहुधा पुढे गेलेला असतो. सुमारे 25 सेंटीमीटर लांबीची ही नळी लवचिक असल्याने तिचा बराचसा मार्ग आकसेपर्यंत त्रास जाणवत नाही. पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमधून लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत किंवा किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात येणाऱ्या रुग्णांपुढे म्हणूनच पहिला प्रश्न असतो, तो शस्त्रक्रिया शक्य आहे का, हा. त्याचे उत्तर मुख्यत्वे प्रतिमा-तपासणीतून मिळते.

निदान मात्र एन्डोस्कोपीत घेतलेल्या तुकड्याच्या बायोप्सीनेच निश्चित होते. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रात अरुंद झालेला भाग दिसतो, यापलीकडे फारसे कळत नाही.

अन्ननलिकेला जठर वा आतड्यांसारखे बाह्य आवरण नसते. त्यामुळे गाठ श्वासनलिका व महारोहिणीपर्यंत सहज पोहोचते. छाती व पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ महारोहिणीच्या परिघाला 90 अंशांहून अधिक कोनात चिकटलेली आढळल्यास आक्रमणाचा संशय बळावतो. या अवयवांमधील चरबीचा पातळ थर शाबूत असणे हे चांगले लक्षण. परंतु अनेक आठवडे केवळ पातळ पदार्थांवर राहून कृश झालेल्या रुग्णात हा थरच उरलेला नसतो आणि सीटीचा अर्थ लावणे कठीण होते.

भित्तीच्या कोणत्या स्तरापर्यंत गाठ गेली, हे एन्डोस्कोपिक अल्ट्रासाऊंड अधिक अचूक सांगते. मात्र मार्ग फारच आकसला असेल तर त्याची नळी पुढे सरकत नाही. दूरच्या अवयवांतील प्रसार शोधण्यासाठी पेट-सीटी उपयुक्त ठरते. त्यात किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेली शर्करा शिरेतून दिली जाते व कर्करोगाच्या पेशी ती अधिक शोषतात. यकृत वा हाडांत ठिपके आढळले, तर मोठी व निरुपयोगी शस्त्रक्रिया टळते. भारतात येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. क्षयरोगाने सुजलेल्या लसिका ग्रंथीही तशाच उजळतात. निर्णय त्यांच्यावरच अवलंबून असल्यास सुईने नमुना घेऊन खात्री केली जाते.

केमोथेरपी व रेडिओथेरपीनंतरची पेट-सीटीही काही आठवडे थांबून केली जाते, कारण किरणांमुळे झालेला दाहदेखील प्रतिमेत गाठीप्रमाणे उजळलेला दिसतो.