बिनतारी घराचें कुलूप

इ. स. १९०३ च्या जून महिन्याच्या चौथ्या तारखेस लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्रोफेसर फ्लेमिंग यांचें बिनतारी तारायंत्रावर व्याख्यान होतें. दूर कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील पोल्धू येथून मार्कोनीसाहेब संदेश धाडणार आणि तो भर सभेंत उमटून दाखवावयाचा, असा बेत होता. दोन्ही टोकांच्या यंत्रांचा सूर जुळविला कीं तिसऱ्याच्या कानीं निरोप पडत नाहीं, असें मार्कोनी मोठ्या विश्वासानें सांगत असत. परंतु ठरलेली वेळ येण्यापूर्वींच यंत्र टकटकूं लागलें आणि ‘उंदीर’ या अर्थाचा इंग्रजी शब्द पुनःपुन्हा उमटला. मागोमाग मार्कोनींची टवाळी करणारें कवनही आलें. ही करामत नेव्हिल मॅस्केलिन या जादूगाराची होती. त्यानें जवळच एक साधें यंत्र मांडलें होतें. फ्लेमिंगसाहेबांनीं ‘टाइम्स’ पत्रांत संताप व्यक्त केला, तेव्हां मॅस्केलिननें उत्तर धाडून कृत्य आपलेंच असल्याचें खुशाल कबूल केलें. त्याच्या पाठीशीं समुद्रतारांचा धंदा करणारी कंपनी होती, त्यामुळें हेतु निर्मळ म्हणवत नाहीं. पण वर्मावर बोट त्यानेंच ठेवलें. हवेंत सोडलेला निरोप कोणा एकाचा राहत नाहीं.

हीच गोष्ट जवळजवळ शंभर वर्षांनीं घरोघर घडली. १९९७ सालीं अमेरिकेंतील विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेनें बिनतारी संगणक-जाळ्याचें, म्हणजे ज्याला आपण वाय-फाय म्हणतों त्याचें, पहिलें प्रमाण प्रसिद्ध केलें. राउटर दिवाणखान्यांत ठेवला तरी त्याच्या लहरी भिंतीशीं थांबत नाहींत. जिन्यांत, शेजाऱ्याकडे, रस्त्यावरही पोंचतात. म्हणून निरोप गुप्त लिपींत बांधण्याची सोय त्याच प्रमाणांत केली होती. तिचें नांव ‘वेप’. तारेइतकीच गुप्तता, असा त्या नांवाचा अर्थ. आश्वासन नांवांतच गोंवलेलें होतें!

त्या सोयीची रचना अशी. घरांतील यंत्रें व राउटर यांच्याजवळ एकच गुप्त किल्ली असे. तिच्यापासून अंकांची एक लांबलचक माळ काढावयाची आणि ती निरोपांत मिसळावयाची. पलीकडच्यानें तीच माळ काढून वजा केली कीं निरोप मोकळा. माळ काढण्याची रीत रॉन रिव्हेस्ट या गणितज्ञानें १९८७ सालीं रचलेली होती. तिचें पथ्य एकच: एक माळ दोनदां वापरावयाची नाहीं. वापरली, तर दोन निरोप एकमेकांशीं ताडून पाहणाऱ्यास दोहोंचाही सुगावा लागतो. यासाठीं प्रत्येक पुडक्याच्या वेळीं किल्लीस नवा क्रमांक जोडीत, आणि तो क्रमांक उघडाच पाठवीत. क्रमांक होते १,६७,७७,२१६. एवढी संख्या ऐकून कोणीही गृहस्थ निर्धास्त होईल. परंतु गजबजलेल्या जाळ्यावर पांच-सहा तासांत ते सारे संपत व पुन्हां पहिल्यापासून सुरू होत. शिवाय किल्लीही चाळीस बिटांचीच, कारण त्याहून बळकट गुप्तलेखन परदेशीं धाडण्यास अमेरिकन सरकारचा त्या काळीं प्रतिबंध होता.

२००१ सालीं बर्कले येथील संशोधकांनीं हे दोष उघड मांडले. त्याच वर्षीं फ्लुरर, मँटिन व शमीर या तिघांनीं दाखविलें कीं, कांहीं ठराविक क्रमांक खुद्द किल्लीचेच अंश बाहेर फोडतात. २००७ मध्यें डार्मस्टाट येथील तिघां संशोधकांनीं १०४ बिटांची मोठी किल्लीही एका मिनिटाच्या आंत काढून दाखविली.

दरम्यान २००३ सालीं ‘डब्ल्यू. पी. ए.’ ही तात्पुरती डागडुजी आली आणि २००४ मध्यें ‘डब्ल्यू. पी. ए. टू’. हिच्यांतील गुप्तलेखन डेमन व रायमन या दोघां बेल्जियनांनीं रचलेलें असून तें आजही अभंग आहे. येथें पासवर्ड आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा. त्यांत जाळ्याचें नांव मिसळून ४,०९६ वेळां घोटून किल्ली काढतात, आणि पासवर्ड स्वतः हवेंत कधींच जात नाहीं. मात्र जोडणीच्या वेळचा संवाद टिपून घेणारा मनुष्य घरीं बसून वाटेल तितके तर्क करूं शकतो. मुलाचें नांव आणि जन्मसाल अशा पासवर्डापुढें ती सारी घोटाई फुकट.

पण कुलूप कितीही चांगलें असलें तरी तें लावलेलें असावें लागतें. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेंत बाँबस्फोट झाले. त्यांच्या कांहीं मिनिटें आधीं वृत्तवाहिन्यांस धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईंतील एका परदेशी गृहस्थांच्या दारांत उभे राहिले. त्यांचें वाय-फाय उघडें होतें व त्याचा उपयोग दुसऱ्यानेंच केला होता, असें तपासांत दिसलें. पुढें २००९ मध्यें दूरसंचार खात्यानें इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांस ग्राहकांचीं जाळीं सुरक्षित करण्याविषयीं सूचना दिल्या.

लोकांस कुलूप लावण्याचा कंटाळा, म्हणून बटण दाबून किंवा आठ आंकडे घालून यंत्र जोडण्याची ‘डब्ल्यू. पी. एस.’ ही युक्ति निघाली होती. राउटर त्या आठ आंकड्यांचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो व शेवटचा आंकडा आधींच्यांवरूनच ठरतो. त्यामुळें दहा कोटींऐवजीं अवघे ११,००० प्रयत्न पुरतात, हें २०११ च्या अखेरीस उघडकीस आलें. जाणती माणसें ती सोय तेव्हांपासून बंदच ठेवतात.

२०१७ च्या ऑक्टोबरांत लूव्हेन विद्यापीठाच्या मॅथी व्हानहूफ यांनीं नवी फट दाखविली. जोडणीच्या संवादांतील एक निरोप पुनः पाठवून यंत्रास तीच किल्ली दुसऱ्यांदा बसवावयास लावतां येई, आणि क्रमांक पुन्हां पहिल्यापासून सुरू होत. वेपचा जुनाच रोग! उत्पादकांनीं दुरुस्त्या काढल्या, आणि २०१८ मध्यें ‘डब्ल्यू. पी. ए. थ्री’ आली. तिच्यांत प्रत्येक तर्कागणिक राउटरलाच विचारावें लागतें. घरीं बसून तर्क करण्याची सोय संपली. पण घरांतील जुन्या प्रिंटरला वा फोनला ही भाषा समजत नाहीं. म्हणून पुष्कळ राउटरांत दोन्ही पद्धती एकत्र चालू ठेवण्याची मुभा दिलेली आहे, आणि तशा घरीं जुन्या यंत्राचा संवाद टिपणारास पूर्वीप्रमाणेंच तर्क करीत बसतां येतें.